सणानंतरचे स्वयंपाकघर : उरलेल्या टर्कीचा पाय



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून काहींस नवल वाटले असेल. ज्याने आयुष्यभर गेटसभा घेतल्या, वेतनकरारांचे मसुदे केले आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याने वसंताच्या व्यासपीठावर उभे राहून अमेरिकेतल्या एका पक्ष्याच्या उरलेल्या मांसाचे काय करावे हे सांगावे, ही थट्टा तर नव्हे? थट्टा मुळीच नाही. आमचे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. जे झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि कामगारांच्या घरी चुलीपाशी बसून. त्या चुलीपाशी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. सणाच्या दिवशी प्रत्येक घर आपल्या ऐपतीहून थोडे मोठे दिसते. त्याची खरी रीतभात दुसऱ्या दिवशी दिसते. काल उरले त्याचे आज काय होते, ते कोण करते आणि कोणाला वाढते, एवढे पाहिले की त्या घराविषयी, आणि ते घर ज्या समाजात आहे त्याविषयीही, पुष्कळ कळते.

अमेरिकेतला 'टर्की-पाय' हा पदार्थ आम्ही यासाठीच निवडला आहे. हा पाय चालण्याचा नव्हे. मैद्याच्या खुसखुशीत पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला जो गोल, जाडसर पदार्थ, त्याला इंग्रज आणि अमेरिकन लोक पाय म्हणतात. शाकाहारी श्रोत्यांची प्रथमच क्षमा मागतो. परंतु मुद्दा मांसाचा नाही, उरलेल्याचा आहे, आणि तो सर्वांच्या घरी येतो.

सण आणि पक्षी

नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे कृतज्ञतेचा सण असतो. त्याचे मूळ १६२१ साली प्लिमथ येथे झालेल्या सुगीच्या मेजवानीत सांगतात. इंग्लंडहून आलेले वसाहतवाले आणि तेथले मूळ रहिवासी वाम्पानोआग हे त्या वेळी एकत्र जेवले. त्या जेवणात रानपाखरे होती आणि मूळ रहिवाशांनी आणलेली पाच हरणे होती, एवढे एका तत्कालीन पत्रावरून समजते. टर्की नक्की होती असा पुरावा नाही. सबंध देशाचा सण म्हणून तो पाळावा असे अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, जाहीर केले. आणि चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ साली. सेरा जोसेफा हेल नावाच्या संपादिकेने या सणासाठी कित्येक वर्षे लेखणी झिजवली होती. १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'नॉर्थवुड' या कादंबरीत सणाच्या पंगतीचे वर्णन आहे. त्यात भाजलेली टर्की मानाच्या जागी आहे, आणि कोंबडीचा पायही आहे. म्हणजे टर्की आणि पाय यांचा शेजार जुना आहे. ज्यांची जमीन गेली त्या मूळ रहिवाशांपैकी काहीजण मात्र १९७० पासून याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात, हेही सांगितले पाहिजे. एकाच्या कृतज्ञतेच्या ताटाखाली दुसऱ्याचे शेत असू शकते.

आता या पक्ष्याविषयी. टर्की मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या लोकांनी ती दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवली. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली, आणि तेथे तिच्या नावाचा मोठा घोटाळा झाला. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानचे नाव दिले. खुद्द तुर्की भाषेत तिला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांचे 'दँद' हे नावही 'हिंदुस्थानची' या अर्थाचे. डच लोक तिला 'काल्कून' म्हणतात, त्यात आपले मलबारातले कालिकत दडले आहे. पोर्तुगीजांनी 'पेरू' म्हटले. आपल्याकडे पेरू म्हटले की फळच डोळ्यांपुढे येते. प्रत्येकाने तिला परक्याच्या गावची ठरवले; ज्यांनी तिला पाळले त्या मेक्सिकोचे नाव मात्र कोणी दिले नाही. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आम्हां कामगारांस ठाऊक नाही असे नाही.

हा पक्षी आपल्याकडेही जुन्या काळीच येऊन गेला. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून ज्या अपूर्व वस्तू दरबारी आणल्या, त्यांत एक टर्की होती. बादशहाने तिचे वर्णन आपल्या आठवणींत लिहून ठेवले आणि तिचे चित्र काढविले. उस्ताद मन्सूरने रंगवलेली टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाच्या दरबारात ती पाहण्याची वस्तू होती. खाण्याची झाली ती अन्यत्र.

उरते का, आणि किती

सणाची टर्की पाचसहा किलोंपासून आठनऊ किलोंपर्यंतची असते. ती अखंड भाजायची असते, आणि त्याला तीन-चार तास लागतात. कोंबडी अर्धी आणता येते, मटण पावशेर आणता येते. सणाची टर्की अर्धी आणीत नाहीत. पाहुणे आठ असोत की बारा, टेबलाच्या मध्यभागी अख्खा पक्षी यायचा. त्यामुळे उरणे हे त्या सणाच्या स्वभावातच आहे. पहिल्या दिवशी छातीचे मांस कापून वाढतात. पाठीचे, मांडीचे, पंखांचे, हाडांच्या सांध्यांतले मांस मागे राहते. गृहिणीने अंदाज चुकवला म्हणून ते उरत नाही. ते उरावे अशीच योजना असते, आणि त्या योजनेचा दुसरा भाग म्हणजे शुक्रवारचा पाय.

काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका कामासाठी आमचे अमेरिकेत जाणे झाले, तेव्हा न्यू जर्सीत भाचीकडे उतरलो होतो. तिकडे मराठी कुटुंबे पुष्कळ. भाचीने शेजारणीकडून हा पदार्थ शिकून घेतला होता. शेजारीण शाळेच्या उपाहारगृहात नोकरी करून निवृत्त झालेली. भाची म्हणाली, "मामा, आपण दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करतो ना, तसं यांचं हे. फक्त यांची फोडणी दीड तास चालते." एवढ्या एका वाक्यात आमच्या व्याख्यानाचा निम्मा भाग तिने सांगून टाकला होता. तरी आम्ही दोन दिवस त्या ओट्यापाशी उभे राहून विचारीत राहिलो: हे असेच का, आणि ते आधी का? कारखान्यातले यंत्र समजून घ्यायचे तर ते चालवणाऱ्याला विचारावे, तोच न्याय स्वयंपाकघरालाही लागू आहे. जे कळले ते आता क्रमाने सांगतो.

पहिले काम जेवणाच्या रात्रीचे

पाय शुक्रवारी होत असला तरी त्याची सुरुवात गुरुवारी रात्री होते. पंगत उठली की दोन तासांच्या आत सगळे मांस हाडांवरून सोडवून घ्यायचे, उथळ डब्यांत पसरायचे आणि शीतकपाटात ठेवायचे. अख्खा पक्षी तसाच आत ढकलला तर तो बाहेरून गार आणि आतून तासन् तास कोमट राहतो. काही जंतूंची बीजे भाजण्यातूनही वाचतात. अन्न कोमट राहिले की ती रुजतात आणि झपाट्याने वाढतात. ४ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा त्यांच्या सोयीचा. म्हणून अन्न एकतर खूप गरम ठेवावे, नाहीतर ४ अंशांच्या खाली न्यावे. असे ठेवलेले शिजलेले मांस तीन-चार दिवसांत संपवावे, आणि पुन्हा तापवताना मध्यभागी ७४ अंशांपर्यंत उष्णता पोहोचली पाहिजे. हे नियम अमेरिकेचे सरकारी कृषिखाते सांगते. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात ते अधिकच कडकपणे पाळावेत.

मांस काढून झाले की सांगाडा फेकायचा नाही. तो मोडून मोठ्या पातेल्यात घालायचा. त्यात एक कांदा, एक गाजर, सेलरी नावाच्या देठाच्या भाजीचे दोन तुकडे, एक तमालपत्र आणि दहाबारा मिरे. सगळे बुडेल एवढे गार पाणी ओतून तीन तास मंद आचेवर ठेवायचे. खळखळून उकळू द्यायचे नाही, नाहीतर अर्क गढूळ होतो. सांधे आणि कातडी यांत जो चिवट पदार्थ असतो, तो या संथ आचेने विरघळून पाण्यात उतरतो. म्हणूनच हा अर्क गार झाल्यावर थिजतो आणि चमच्याने थरथरतो. पायासूप करणाऱ्यांस हे नवे नाही. ज्याला आपण कचरा म्हणून टाकणार होतो, त्याच हाडांतून पायाची सारी चव येते.

सारण

सहा माणसांच्या पायाला साधारण असे प्रमाण धरावे: हाताने सोडवलेले टर्कीचे मांस ३५० ग्रॅम, लोणी ७५ ग्रॅम, मैदा ४५ ग्रॅम, हाडांचा अर्क ४०० मिलिलिटर, दूध १२५ मिलिलिटर, मध्यम कांदा एक, गाजराच्या फोडी आणि मटार मिळून पाव किलो, सेलरीचा एक देठ, मीठ, मिरपूड आणि थाइम या सुगंधी पाल्याची चिमूट.

लोण्यावर कांदा, गाजर व सेलरी मऊ होईपर्यंत परतावी. कांदा तांबूस होऊ देऊ नये. त्यावर मैदा भुरभुरवून दोन मिनिटे भाजावा. या दोन मिनिटांत दोन गोष्टी साधतात. मैद्याचा कच्चा वास जातो, आणि त्याच्या प्रत्येक कणाला लोणी लागून कण सुटे राहतात. उपमा करताना रवा आधी तुपावर परतून मग पाणी घालतो, त्यामुळे गुठळ्या होत नाहीत; कारण तेच. मग अर्क थोडाथोडा घालीत ढवळावे, शेवटी दूध. उकळी आली की पिठाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि रस दाट होतो. अळूच्या फदफद्याला पीठ लावण्याचा आपला हेतू याहून वेगळा नाही. चमच्याच्या पाठीवर रस धरून राहू लागला की पुरे.

मांस घालायचे ते सर्वांत शेवटी, मटारांबरोबर, आणि विस्तव बंद करून. ते आधीच एकदा शिजलेले आहे. त्याला आणखी शिजवण्याचा प्रश्न नाही, त्याला ओल परत द्यायची आहे. टर्कीच्या छातीत चरबी फार थोडी, म्हणून दुसऱ्या दिवशी ती भुशासारखी लागते. शिवाय शिजवून ठेवलेल्या मांसातल्या स्निग्धांशाची हवेशी प्रक्रिया होऊन एक शिळसर वास येतो, आणि नुसते तापवले की तो वाढतो. दाट रसाने प्रत्येक तुकडा वेढला की हवेचा संबंध कमी होतो, आणि उरलेला वास थाइम व मिरे झाकतात. या पायात दूधलोण्याचा रस का, याचे उत्तर हे आहे. शहाण्या बायकांनी रसायनशास्त्राचे नाव न घेता ते शोधले होते.

सारण पूर्ण गार होऊ द्यावे. गरम सारण पारीवर ओतले तर भट्टीत जाण्याआधीच पारीतले लोणी वितळते, आणि मग पापुद्रा सुटत नाही.

पारी

पारीला ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम गार लोणी, अर्धा चमचा मीठ आणि पाचसहा मोठे चमचे बर्फाचे पाणी लागते. येथे आपल्या सवयीला एक मुरड घालावी लागते. करंजीला आपण मोहन घालतो ते कडकडीत. ते पिठात सर्वत्र चोळले की मुटका वळतो आणि करंजी खुसखुशीत होते. पायच्या पारीत लोणी मुद्दाम गार ठेवायचे आणि पुरते चोळायचे नाही. हरभऱ्याच्या डाळीएवढे त्याचे कण पिठात दिसत राहिले पाहिजेत. लाटल्यावर ते कण चपटे होऊन पिठाच्या थरांमध्ये बसतात. भट्टीत ते वितळतात, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ थर उचलते आणि तेथे पापुद्रा सुटतो. चिरोट्याला आपण साटा लावून घड्या घालतो, किंवा इराण्याच्या दुकानातली खारी चुरताना जे थर उलगडतात, त्यांचे आणि या पारीचे नाते जवळचे आहे.

पाणी जेमतेम गोळा होईल इतकेच घालावे आणि पीठ मळू नये. मळले की मैद्यातला चिवटपणा जागा होतो. पोळीला तो हवा असतो, येथे तो नडतो. गोळा झाकून तासभर शीतकपाटात ठेवावा. मग त्याचे दोन भाग करून, २३ सेंटिमीटर व्यासाच्या पसरट ताटलीत एक भाग लाटून घालावा, त्यावर गार सारण, वर दुसरी पारी. कडा चिमटीने दुमडाव्यात. करंजीला मुरड घालणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही. वरच्या पारीला सुरीने चारपाच चिरा द्याव्यात, म्हणजे वाफेला वाट मिळते. वाट दिली नाही तर वाफ आपली वाट आपण काढते आणि पारी फोडून बाहेर येते. व्यवस्थापनांनाही आम्ही हेच सांगत आलो आहोत.

भट्टी आधी २२० अंशांवर तापलेली असावी. पंधरा मिनिटे त्या आचेवर, मग १९० अंशांवर आणखी अर्धा तास, शक्यतो खालच्या फळीवर, म्हणजे बुडाची पारी ओली राहत नाही. चिरांतून रस बुडबुडताना दिसला आणि वरचा रंग बदामी झाला की काढावा. पंधरा मिनिटे थांबून मगच कापावा. तोवर रस आळतो.

ज्यांच्या घरी टर्की येणार नाही त्यांनी कोंबडी घ्यावी. ज्यांना मांस चालत नाही त्यांनी सणावारी उरलेला बटाटा, फ्लॉवर, मटार घ्यावेत आणि अर्क भाज्यांच्या देठांचा करावा. शास्त्र बदलत नाही.

उरलेले, शिळे आणि उष्टे

येथवर कृती झाली. आता तिच्या मागच्या विचाराकडे येतो. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द आहे; मराठीत तीन आहेत. उरलेले म्हणजे खाऊन बाकी राहिलेले. शिळे म्हणजे ज्यावरून रात्र गेली ते. उष्टे म्हणजे ज्याला दुसऱ्याचे तोंड लागले ते. आपल्या परंपरेने या तिन्हींची प्रतवारी लावली. रात्र गेलेले अन्न गीतेने तामस आहारात मोजले. उलट बाजूने शीतळा सप्तमीला मुद्दाम आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची चाल पडली. त्या दिवशी चूल पेटवीत नाहीत, म्हणजे निदान वर्षातून एक दिवस चुलीला आणि चूल पेटवणारीलाही विसावा मिळतो.

परंतु या शब्दांना आणखी एक, फार कडवट बाजू आहे. याच महाराष्ट्रात माणसांच्या एका समूहाला गावकीची कामे करायला लावून मोबदल्यात दारोदारची भाकर, शिळे आणि उष्टे देण्याची रीत होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि असे शिळेउष्टे तुकडे सोडून देण्यास आपल्या बांधवांना सांगितले. त्यात अन्नाचा तिरस्कार नव्हता. जे कामाचे दाम म्हणून हक्काने मिळायला हवे, ते भीक म्हणून फेकले जात होते, आणि त्या फेकण्याला नकार होता. म्हणून आम्ही म्हणतो, अन्नावरून रात्र गेली की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. ते कोणाच्या हक्काचे आहे हा पहिला प्रश्न आहे. आपल्या कमाईचे, आपल्या हाताने राखलेले कालचे अन्न खाण्यात कमीपणा कसला? आणि दुसऱ्याने उपकार म्हणून पुढे सारलेले ताजे अन्नही कधी गिळवत नाही.

अमेरिकेत ही जाण असलेली एक लेखिका होऊन गेली. लिडिया मारिया चाइल्ड यांनी १८२९ साली काटकसरी गृहिणींसाठी पाककृतींचे पुस्तक लिहिले, आणि ज्यांना काटकसरीची लाज वाटत नाही अशांनाच ते अर्पण केले. याच बाईंनी पुढे गुलामगिरीविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि त्यापायी वाचक गमावले. चुलीवरची काटकसर आणि माणसाच्या स्वातंत्र्याची चाड एकाच मनात नांदू शकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कारखान्यातला पाय

दुसऱ्या महायुद्धानंतर हा पाय घरातून कारखान्यात गेला. स्वॉन्सन या कंपनीने १९५०च्या सुमारास गोठवलेले पाय बाजारात आणले, आणि १९५४ पासून तिची टर्कीची तयार ताटे देशभर खपू लागली. सणानंतर न खपलेल्या टर्कींचा प्रचंड साठा अंगावर पडला म्हणून ही युक्ती सुचली, अशी कथा सांगतात. तिचे श्रेय कोणाचे यावर मात्र वाद आहे. घरातल्या बाईचे दीड तासाचे काम वाचले, ही सोय खरीच, आणि तिला आम्ही नाके मुरडणार नाही. पण काम नाहीसे होत नसते. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ज्या हातात ते गेले तो हात आपल्याला दिसत नाही एवढेच.

तो हात एकदा दिसला, तो २००९ साली. आयोवा राज्यातल्या अटालिसा या लहानशा गावी, एका जुन्या शाळेच्या इमारतीत, बौद्धिक अपंगत्व असलेले पुरुष राहत होते. हेन्रीज टर्की सर्व्हिस नावाच्या कंत्राटदाराने त्यांना टेक्सासहून आणून जवळच्या प्रक्रिया कारखान्यात टर्की साफ करण्याच्या कामाला लावले होते. कित्येकांची तेथे दशके गेली. त्यांच्या हाती महिन्याकाठी पडत ते ६५ डॉलर. बाकी रक्कम राहण्या-जेवणाच्या आणि देखभालीच्या नावाखाली कापली जाई, आणि देखभाल म्हणावी तर दुर्लक्ष आणि मारहाण. खटला झाला, २०१३ साली ज्यूरीने ३२ कामगारांसाठी २४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. कायद्यातल्या कमाल मर्यादेमुळे ती सोळा लाखांवर आली. आकडे पुन्हा मनात घोळवा. ज्या देशात कृतज्ञतेचा सण या पक्ष्यावाचून होत नाही, तेथे तो पक्षी साफ करणाऱ्याचे हे दाम होते. आपल्याकडे हे होत नाही असे म्हणण्याचा अधिकार, कंत्राटी सफाई कामगारांच्या या देशात, आम्हांला नाही.

शुक्रवारचा तास

शेवटचा मुद्दा वेळेचा. हाडे आहेत, मैदा आहे, लोणी आहे. तरी पाय होत नाही, कारण शुक्रवारी घरी कोणी नाही. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवसाला तिकडे 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. त्या दिवशी दुकानांत स्वस्ताईची झुंबड असते. २०१० नंतरच्या काही वर्षांत कित्येक मोठ्या दुकानांनी सणाच्या संध्याकाळीच दारे उघडली. नोकरांना ताटावरून उठून कामावर जावे लागले. २०२० पासून अनेकांनी तो प्रकार थांबवला. पण खाजगी नोकरीत सणाची सुट्टी पगारी असावी असा केंद्रीय कायदा त्या देशात नाही. ज्याच्या संघटनेने करारात लिहून घेतली त्याला ती मिळते. इतरांना मालकाच्या मर्जीने.

आपल्याकडेही रविवार आपोआप उगवला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० साली गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्या सुट्टीत कामगाराने काय केले? बाजारहाट केला, मुलाला न्हाऊ घातले, घरात नीट काही शिजवले. इतिहासाच्या पुस्तकांत सुट्टी मिळाल्याची तारीख असते. त्या सुट्टीत शिजलेल्या अन्नाची नोंद नसते. आमच्या मते नोंद त्याचीही हवी, कारण त्यासाठीच ती मागितली होती.

आणि त्या रविवारी चुलीपाशी कोण होते, हेही विचारले पाहिजे. गुरुवारी पहाटेपासून टर्की भाजणारी, रात्री मांस सोडवणारी, हाडांपाशी तीन तास बसणारी आणि शुक्रवारी पारी लाटणारी बहुतेक एकच बाई असते. तिच्या कामाला हजेरीपट नाही, जादा कामाचा दर नाही आणि पंगतीत तिची पाळी शेवटची. आम्ही संघटनेची माणसे कारखान्याच्या दारापर्यंत आठ तासांचा हिशेब मागत गेलो आणि घराच्या दारापाशी गप्प झालो. हा हिशेब पुढच्या पिढीने पुरा करावा. सोपी सुरुवात सांगतो: हाडांवरून मांस सोडवायला फार कौशल्य लागत नाही. जेवून उठलेल्या पुरुषाने ते काम आपल्याकडे घ्यावे.

श्रोतेहो, अन्न उरते म्हणजे श्रम उरतात. शेतकऱ्याचे, पाळणाऱ्याचे, साफ करणाऱ्याचे, शिजवणारीचे श्रम त्यात साठलेले असतात. ते कचऱ्यात टाकणे म्हणजे त्या सर्वांची मजुरी बुडवणे. आणि ते कोणा गरजवंतापुढे तुच्छतेने सारणे म्हणजे त्याचा मान बुडवणे. त्या दोहोंच्या मधली वाट म्हणजे थोडा मैदा, थोडे लोणी आणि हक्काचा एक मोकळा तास. मैदा-लोण्याची सोय आपण करालच. त्या तासासाठी संघटना लागते, आणि त्या कामाला आपला हातभार मागून आम्ही आपली रजा घेतो.